सेलमध्ये टाइप होतं, पण टिकत नाही

तुम्ही म्हणताय की जावा स्विंगच्या (जावात खिडक्या-बटणं बनवायचं साधन) जेटेबलमध्ये, म्हणजे पडद्यावरच्या तक्त्यात, सेल बदलता येईल का हे सांगणाऱ्या 'इज सेल एडिटेबल'मधून ट्रू पाठवलं, सेल उघडतोही, पण एंटर मारलं की जुनाच आकडा परत. म्हणजे तुमचं मॉडेल, तक्त्याचा डेटा सांभाळणारा क्लास, ॲबस्ट्रॅक्ट टेबल मॉडेलवरून केलेलं असणार. त्यातलं नवा आकडा साठवायचं 'सेट व्हॅल्यू ॲट' मुळात रिकामं असतं. ते स्वतः लिहून नवा आकडा तुमच्या डेटाच्या यादीत टाका आणि सेल बदलल्याचं तक्त्याला कळावं म्हणून शेवटी 'फायर टेबल सेल अपडेटेड' बोलवा. जावातल्याच तयार डिफॉल्ट टेबल मॉडेलमध्ये हे आयतं मिळतं, म्हणून शिकवणीतल्या उदाहरणांत ही अडचण दिसतच नाही.

खरा चकवा पुढे आहे. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकवाल्या काकांना मी साठ्याचा प्रोग्रॅम करून दिला होता. काका नग टाइप करायचे आणि एंटर न मारता थेट 'जतन करा' दाबायचे. नोंद जुनीच! दोन दिवस काकांनाच दोष देत होतो. चूक माझी: सेलचं संपादन तेव्हा चालूच असतं. जतन करण्याआधी सेलचा एडिटर चालू आहे का बघून 'स्टॉप सेल एडिटिंग' बोलवा.

आणि नगाच्या कॉलमसाठी कॉलमचा प्रकार सांगणाऱ्या 'गेट कॉलम क्लास'मधून इंटिजर (पूर्णांक) द्या, नाहीतर आकडा स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर म्हणून येतो. इंटिजर दिलंत की 'बारा' असं अक्षरी लिहिल्यावर चौकट लाल होते. काकांना ते फार आवडलं.