वॉशिंग्टनमध्ये आधुनिक अमेरिकन चित्रकार: बाबांना काय दाखवू?

निळीशाई:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरात आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे व्हर्जिनियात येताहेत. बाबा तालुक्याच्या शाळेत चित्रकला शिक्षक होते, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला त्यांनी किती मुलं बसवली त्याची गणती नाही. पिकासो, मातिस त्यांना तोंडपाठ आहेत, पण विसाव्या शतकातले अमेरिकन चित्रकार फारसे बघायला मिळालेले नाहीत. नुसती चित्रं नकोत, माणूसही कळायला हवा. गुडघ्यांमुळे फार चालवत नाही. काय सुचवाल?

खडूफळा:
डोळे मिटून आल्मा थॉमसपासून सुरुवात करा! वॉशिंग्टनच्याच शाळेत ३५ वर्षं चित्रकला शिकवून १९६० मध्ये त्या निवृत्त झाल्या, आणि आज त्या ज्या चित्रांसाठी ओळखल्या जातात ती त्यानंतरची आहेत. संधिवात होता तरी हात थांबला नाही. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडाच्या पानांतून ऊन कसं झिरपतं, ते बघत बघत त्यांना रंगांच्या तुकड्यांची ती मांडणी सापडली. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्यांचं एकल प्रदर्शन भरलं तेव्हा वय होतं ८०. तो मान मिळालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. एका चित्रकला शिक्षकाला हे दाखवायला नको?
स्मिथसोनियनच्या अमेरिकन कला संग्रहालयात त्यांची बरीच चित्रं आहेत. प्रवेश मोफत, गॅलरी प्लेस मेट्रो स्टेशन अगदी समोर. 'द एक्लिप्स' लावलेलं असेल तर जवळ जाऊन बघा: प्रत्येक फटकारा सुटा, मधल्या फटींतून पांढरा कॅनव्हास दिसतो. मग मागे सरका, सगळी वलयं फिरायला लागतात.

पोटोमॅककाठ:
+१. दुसऱ्या दिवशी ड्युपाँ सर्कलजवळचं फिलिप्स कलेक्शन हे संग्रहालय. मूळचं राहतं घर, लहान दालनं, गुडघ्यांना सोसेल. जेकब लॉरेन्सच्या स्थलांतर मालिकेतले विषम क्रमांकाचे ३० फलक त्यांच्याकडे आहेत, सम क्रमांकाचे न्यूयॉर्कच्या मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या संग्रहालयात. सगळे एका वेळी लावतातच असं नाही, आधी चौकशी करा. दक्षिणेतून उत्तरेकडे निघालेल्या कृष्णवर्णीयांची ही कहाणी त्याने विशीतच, १९४०-४१ मध्ये रंगवली. पहिल्या फलकात शिकागो, न्यूयॉर्क, सेंट लुईस अशा तीन फाटकांकडे लोटलेली गर्दी आहे. सगळे ६० फलक एकदम मांडून तो एकेक रंग सगळ्यांवर लावत जाई, म्हणून छटा शेवटपर्यंत एकच राहिली. बाबांना ही युक्ती फार आवडेल बघा.

आडवीरेघ:
फिलिप्समध्ये अमूर्त चित्रकार मार्क रॉथ्कोची खोली चुकवू नका. चार चित्रं, मध्ये एक बाक, बस्स. आमचे चित्रकार गायतोंडेही रॉथ्कोसारखीच शांत, अमूर्त रंगचित्रं करत; १९६४ मध्ये ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले होते. त्यांची चित्रं बाबांनी पाहिली असतील तर तिथे अर्धा तास सहज जाईल. घाई करू नका.

निळीशाई:
आल्माबाईंचं वाचूनच बाबांना फोन केला, ते खूश! नॅशनल गॅलरीची पूर्वेकडची इमारत पण करू का? शिल्पकार काल्डरचं मोठं मोबाइल, म्हणजे टांगलेलं हलतं शिल्प, आहे ना तिथे?

पोटोमॅककाठ:
आहे, छताला टांगलेलं, आणि अप्रतिम आहे. पण त्याला तिसरा दिवस द्या. एका दिवसात दोन संग्रहालयं कोंबलीत तर बाबा दमतील आणि आल्मा थॉमस, लॉरेन्स दोघांवरही अन्याय होईल. स्मिथसोनियन आणि नॅशनल गॅलरीत व्हीलचेअर मोफत मिळते, दारावरच विचारा.

खडूफळा:
आणि बाबांना छोटी वही घ्यायला सांगा. दालनात पेन्सिलीने रेखाटन करू देतात, पेन आणि रंग मात्र बाहेर काढू नका.