वास्को स्वस्त, पण श्रावण बघून

'पावसाळ्यात वास्कोत कधीही जा, खोली मिळतेच' असं कुणीतरी लिहिलंय. एरवी खरं आहे. दाबोळी विमानतळ जवळ, स्टेशन गावातच. पहाटेच्या विमानासाठी पणजीपेक्षा वास्कोच बरं. (विमान मोपाचं, म्हणजे गोव्यातल्या दुसऱ्या विमानतळाचं नाही ना, तेवढं तिकिटावर बघून घ्या!)

पण नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदर देवळात भजनी सप्ताह सुरू होतो. देवळात चोवीस तास अखंड भजन आणि बाहेर फेरी, म्हणजे जत्रेचा बाजार. स्वातंत्र्य पथावर खाजं, कपडे, भांडी यांची दुकानं लागतात आणि टॅक्सी लॉजच्या दारापर्यंत पोचतच नाही. बॅग उचलून गर्दीतून वाट काढावी लागते, वर पाऊस. त्या दिवसांत खोली आधीच धरा आणि रस्त्याकडची नको म्हणून सांगा. भजन ऐकायचं असेल तर मात्र रस्त्याकडचीच घ्या.