तळ दिसतो म्हणून तळं निरोगी ठरत नाही

तळठाव:
काल घोटभर यांनी लिहिलं, "सरोवर जितकं नितळ तितके मासे जास्त. पाणी स्वच्छ करा, मासे आपोआप येतील." त्यावर वाहवा चालली आहे. मला राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

नितळपणा मोजतात सेक्की तबकडीने. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघायचं. उजेड किती खोल जातो एवढंच त्यातून कळतं. पाण्यात खाणारे किती आणि त्यांना खायला काय, याबद्दल नितळपणा काहीच सांगत नाही.

जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं बोडनसे सरोवर घ्या, २५१ मीटर खोल. १९७९च्या सुमारास तिथे लिटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या वर फॉस्फरस होता. सांडपाण्यावर प्रक्रिया सुरू झाली आणि आज तो दहाच्याही खाली आहे. पाणी सुंदर झालं. पण तिथले व्हाइटफिश नावाचे खाण्याचे मासे इतके घटले की २०२४पासून तीन वर्षं ते धरायलाच बंदी. फॉस्फरस घटला की सूक्ष्म शेवाळ घटतं, मग ते खाणारी डॅफ्निया, म्हणजे पाण्यातला टाचणीच्या टोकाएवढा जीव, घटते आणि डॅफ्नियावर जगणारा मासा उपाशी राहतो. यातलं आपोआप काय आलं?

घोटभर:
म्हणजे घाण परत सोडायची का? स्पष्ट लिहा.

बोडनसेचीच अर्धी गोष्ट तुम्ही गाळलीत. तिथे खोल पाण्यात राहणारी व्हाइटफिशची एक जात होती, किल्ख. १९७०च्या दशकात ती कायमची संपली. शेवाळ माजलं, मेलं, तळाशी बसून कुजलं, त्यात खालचा प्राणवायू संपला आणि तळावरची अंडी गुदमरली. तुम्ही ज्या भरपूर फॉस्फरसच्या काळाची आठवण काढताय, त्याच काळात हे झालं. शिवाय तेच पाणी चाळीस लाखांहून जास्त लोक पितात.

मी सरोवराचं पाणी पिऊनच मोठा झालो. लहानपणी उन्हाळ्यात काठावर हिरवी साय धरायची. आई दोनदा गाळून उकळायची, तरी भांड्याला चिखलाचा वास यायचा. माझ्या धाकट्या भावाने ते पाणी प्यायचंच सोडलं होतं. ज्यांनी तो वास घेतलेला नाही त्यांनी मला फॉस्फरसचे फायदे सांगू नयेत.

गळवाला:
तुम्ही दोघे पाण्यावर भांडताय, मासा कुणी हातात घेतलाय का? मी तीस वर्षं एकाच सरोवरावर जातोय. पूर्वी व्हाइटफिश हातात घेतला की पोट गच्च लागायचं. गेल्या हंगामात मिळालेला डोक्याने मोठा, अंगाने सुरीच्या पात्यासारखा. चिरला तर जठरात काही नाही, नुसता पिवळट चिकट द्रव.

आणि शिंपले! नांगराची साखळी वर ओढली तर क्वागा नावाच्या, बाहेरून आलेल्या शिंपल्यांनी मनगटाएवढी जाड झालेली. सोडवताना तीन बोटं कापली. हे शिंपले अख्खं सरोवर गाळून शेवाळ फस्त करतात. पाणी काचेसारखं होतं, पण ते माशाच्या तोंडचा घास काढून झालेलं असतं. दंड भरायची वेळ आली की मात्र गळ टाकणाराच सापडतो. शिंपले आणणाऱ्या बोटी कुणी धुवायला लावत नाही.

खोलपाणी:
गळवाले, बाहेरचे जीव सोडायची सवय कुणाची? अमेरिकेतलं फ्लॅटहेड सरोवर आठवा. कोकानी सॅमनला खाऊ म्हणून वरच्या सरोवरांत मायसिस झिंगे सोडले. ते वाहत खाली आले, १९८१मध्ये फ्लॅटहेडमध्ये सापडले. हा झिंगा दिवसा तळाशी बसतो आणि रात्री वर येतो. कोकानी दिवसा, वरच्या उजेडात खातो. दोघांची गाठच पडत नाही, उलट झिंगाच कोकानीची डॅफ्निया संपवतो. तळाशी राहणाऱ्या लेक ट्राउट या शिकारी माशाच्या पिल्लांना मात्र मेजवानी, आणि मोठे झालेले ट्राउट कोकानीच खातात. दहा वर्षांच्या आत कोकानी संपला. त्याच्यावर जगायला ओढ्याकाठी शेकड्यांनी जमणारे गरुडही जवळपास दिसेनासे झाले.

अमेरिकेतल्याच क्रेटर लेक सरोवरात तर मूळचा एकही मासा नव्हता. १८८८ ते १९४१ या काळात माणसांनी सोडले, का तर गळ टाकायला मजा यावी. १९१५मध्ये माशांना खाद्य म्हणून क्रेफिश, म्हणजे नांग्या असलेले गोड्या पाण्यातले झिंग्यासारखे जीव, टाकले. जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा तिथला न्यूट, पालीसारखा दिसणारा उभयचर, आज त्यांच्यामुळे संपत आलाय. एवढं सगळं तुमच्या हौसेपायी.

गळवाला:
हौस? माझ्या वडिलांनी जाळ्यावर चार पोरं वाढवली. शंभर वर्षांपूर्वी कुणा साहेबाने बादलीतून मासे ओतले, त्याचा जाब मला विचारू नका. आम्ही एक पिल्लूही बाहेरून आणलेलं नाही.

खोलपाणी:
तुमच्या वडिलांबद्दल बोललो नव्हतो. "तुमच्या" हा शब्द चुकला, मागे घेतो. पण मासे सोडण्याचा मुद्दा सोडत नाही. पाण्यात सोडलेला जीव परत काढता येत नाही.

घोटभर:
मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. अमेरिकेतल्या टाहो सरोवरात १९६८ला तबकडी सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसायची, आता विसाच्या आसपास. रस्त्यांवरची बारीक धूळ आणि शेवाळ, दोन्ही त्या एका आकड्यात पकडले गेले. आणि तळठाव म्हणतात नितळपणा काहीच सांगत नाही?

तळठाव:
ठीक, "काहीच" हे जास्त झालं. बिघाड सुरू झाल्याची सूचना तबकडी देते, मान्य. पण तीही कुठे सोडता त्यावर आहे. सायबेरियातल्या बैकल सरोवराच्या मधोमध पाणी आजही नितळ आहे आणि काठच्या उथळ पाण्यात स्पायरोगायरा या शेवाळाचे हिरवे थर साचतात. मासे अंडी घालतात, पिल्लं वाढतात ती बरीचशी काठाला. आणि घाण सोडा असं मी कुठेही लिहिलेलं नाही, ते तुम्ही माझ्या तोंडी घातलंत. फॉस्फरस कमी झाला ते बरंच झालं. फक्त त्याची किंमत मासा भरतो, हे लपवू नका.

घोटभर:
"आपोआप" मी लिहायला नको होतं. बाकी माझं मत तेच. मासे थोडे चालतील, तो वास नको.

गळवाला:
थोडे किती, ते उपाशी माशाला विचारा. परवा पहाटे निघतोय. धरायला परवानगी आहे तेवढेच धरीन, प्रत्येकाचं जठर उघडून आत काय निघतं ते इथे लिहीन. डॅफ्निया ओळखायला भिंग लागेल. खोलपाणी, तुमच्याकडे असेल तर द्या.