‘ग्राहक घरी नव्हता’ ही खोटी नोंद कुणी खोडायची?

सांजवात
परवा घाटमाथा यांनी लिहिलं होतं की पार्सल वेळेवर न मिळाल्याचं खापर लोक उगाच कुरिअरवर फोडतात. पत्ता अर्धवट लिहितात, फोन उचलत नाहीत आणि वर बोंब मारतात. खाली भराभर अनुमोदनंही पडली. वाचून गप्प बसवेना, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या आईचं कानाचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. तिकडून परत निघालं आणि एका सकाळी मोबाइलवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आलं. मी घरूनच काम करत होते, दार उघडं, फोन समोर. चार वाजून बारा मिनिटांनी मेसेज : ‘ग्राहक उपलब्ध नाही.’ एकही फोन आलेला नाही. वॉचमनच्या वहीत नोंद नाही. सेक्रेटरींना बसवून गेटवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं, तर त्या सुमाराला फक्त शेजारची मुलं सायकली घेऊन बाहेर पडताना दिसतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि मग यंत्र पाठवणाऱ्याकडे परत रवाना. तोवर आई जेवताना आमच्या ओठांकडे बघत बसायची.

उशीर झाला म्हणून मी भांडत नाहीये. पाऊस असतो, गाडी बंद पडते. तसं लिहा, मी थांबेन. पण मी घरात असताना ‘नव्हती’ असं माझ्या नावावर लिहायचा अधिकार यांना दिला कुणी? आणि ते खोडायची सोय कुठेही नाही. चित्रण पाठवते म्हटलं तर उत्तर आलं, ‘मॅडम, आमच्या सिस्टीमला अटेम्प्ट दिसतोय.’

घाटमाथा
ताई, आईंना त्रास झाला याचं वाईट वाटलं. पण माझं म्हणणं मी मागे घेत नाही. मी स्वतः हबवर, म्हणजे कुरिअरच्या माल वाटणीच्या केंद्रावर, काम केलंय. सकाळची गाडी उशिरा लागते. माल फरशीवर ओततात, स्कॅन होतो, पिनकोडप्रमाणे ढीग लागतात आणि मग पोराच्या हातात रनशीट, म्हणजे दिवसभरात वाटायच्या पार्सलांची यादी, पडते. मोबदला पार्सलमागे, पेट्रोल त्याचं त्याने घालायचं. सोसायटीत लिफ्ट वापरू देत नाहीत, पाचव्या मजल्यावर पाठीवर ओझं घेऊन चढायचं. संध्याकाळी शीट बंद करायची तर उरलेल्या प्रत्येक पार्सलपुढे कारण टाकावंच लागतं. आमच्या यादीत कारणं होती ‘ग्राहक नाही’, ‘पत्ता सापडला नाही’, ‘घेण्यास नकार’, ‘ग्राहकाने दुसरी तारीख मागितली’. ‘वेळ पुरला नाही’ हे कारणच नव्हतं. पोरगा टाकणार काय?

सांजवात
मग मी वेगळं काय म्हणतेय? खोटं बोलल्याशिवाय शीट बंदच होत नसेल तर ते खोटं कंपनीचं आहे. तुम्ही आतून सगळं पाहिलंय आणि तरीही परवाच्या लेखात दोष ग्राहकाला दिलात, राग त्याचा आहे. त्या मुलाला मी एक शब्दही बोललेले नाही.

घाटमाथा
तुम्ही बोलला नाहीत. पण तक्रार नोंदवलीत ना? तिचा दंड त्या पोराच्याच कमाईतून कापला जातो. यादी बनवणाऱ्याला झळ लागत नाही.

जुनापेठकर
म्हणून मी महत्त्वाचं काहीही रजिस्टर्ड पोस्टानेच पाठवायचो. पोस्टमन माणूस ओळखून सही घ्यायचा. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि तीही सोय गेली. आधी 22 रुपयांत पत्र रजिस्टर व्हायचं. आता बाहेरगावी 50 ग्रॅमपर्यंत स्पीड पोस्टाचे 47, त्यावर नोंदणीचे 5 आणि जीएसटी. स्पीड पोस्ट 1986 सालचं, त्याचा हेतू वेग. रजिस्टरचा हेतू हातोहात पोच. दोन्ही एक कसे?

काळाकोट
काका, नोंदणीची सोय गेलेली नाही, ती आता स्पीड पोस्टावर वेगळी घेता येते. पण दर वाढले, आणि 22 रुपयांत कागद पाठवणाऱ्या माणसाला ते टोचणारच, हे मान्य.

बाकी पोस्टाबद्दल एवढे हळवे होऊ नका. 1898 च्या टपाल कायद्याच्या कलम 6 ने टपाल हरवलं, उशिरा पोचलं किंवा भलतीकडे गेलं तरी सरकारला जबाबदारीतून मोकळं ठेवलं होतं. तो कायदा जाऊन 2023 चा नवा आला, 18 जून 2024 पासून लागू झाला, आणि त्यातही नियमांत ठरवून दिलेल्या जबाबदारीपलीकडे खात्याची जबाबदारी नाही. कर्मचाऱ्याने लबाडीने किंवा जाणूनबुजून नुकसान केलं तरच तो वैयक्तिक अडकतो. खासगी कुरिअरही सुटतं. 1996 च्या भारती निटिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या पावतीवरची भरपाईची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक धरली. पावतीमागचा तो बारीक मजकूर सही करण्याआधी वाचतं कोण?

सांजवात यांचा मुद्दा मात्र त्यांना वाटतोय त्याहून मोठा आहे. आमच्या वकिलीच्या धंद्यात पाकिटावरच्या शेऱ्यावर माणसाचं नशीब ठरतं. बरोबर पत्त्यावर रजिस्टरने पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो, जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 27. चेक बाउन्सच्या प्रकरणात 2007 च्या अलवी हाजी निकालाने तेच कायम केलं. नोटीस मिळालीच नाही असं म्हणणाऱ्याला समन्स मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरायची वाट ठेवली, इतकंच. शेरा खोटा होता हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्यावर. ‘घेण्यास नकार’ हे दोन शब्द कुणी घाईत खरडले तर समोरचा माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो.

माळरान
तुमचं लिफ्ट, वॉचमन, कॅमेरा चालू द्या. आमच्याकडे कुरिअर येतच नाही. पिनकोड टाकला की ‘या भागात सेवा उपलब्ध’ असं दिसतं, पैसे कापले जातात, आणि मग फोन येतो, ‘तालुक्याला येऊन घेऊन जा.’ नाही गेलं तर नोंद काय? ‘पत्ता अपूर्ण.’

घाटमाथा, हे तुमच्यासाठी. ‘पत्ता अर्धवट लिहितात’ म्हणे. आम्ही लिहायचं तरी काय? रस्त्याला नाव नाही. वस्ती मळ्यात. ‘शाळेच्या पुढे, पाण्याच्या टाकीजवळ’ हाच आमचा पत्ता, आणि पोस्टमनला तो पुरतो.

घाटमाथा
तालुक्याहून आलेल्या पोराला कुठली टाकी ते कसं कळावं? एकेका वस्तीत टाक्या दोन-दोन असतात. अशा वस्त्यांत मी उन्हात उभा राहून लोकांना फोन लावलेत. उचलत नाहीत. उचलला तर म्हणतात, ‘सरळ या.’ सरळ म्हणजे कुठून सरळ?

जुनापेठकर
याच घोळासाठी पिनकोड आला ना. तो आणला श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, आपला मराठी माणूस, संस्कृतचे कवी. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला. एकाच नावाची गावं, वेगवेगळ्या लिपींतले पत्ते, या सगळ्यावर सहा आकड्यांत तोड काढली. पहिला आकडा विभागाचा, तिसऱ्यापर्यंत छाटणीचा जिल्हा कळतो, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे.

माळरान
काका, तुम्हीच म्हणालात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. घराचे नाहीत. पिन टपाल पोस्टापर्यंत आणतो, तिथून पुढे घर माहीत असलेला माणूस लागतो. कुरिअरवाल्यांनी पोस्टाचा पिन उचलला, पोस्टमन उचलला नाही. आमच्या एका पिनखाली कितीतरी गावं आणि वाड्या येतात, आणि यांचं अ‍ॅप त्या सगळ्यांना एकच ठिकाण समजतं.

आणि घराला नंबर नाही असं नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, प्रत्येक मिळकतीचा नंबर आहे, घरपट्टीच्या पावतीवर छापलेला असतो. पण दारावर पाटी नाही, अ‍ॅपला तो ठाऊक नाही. घरपट्टी वसूल करताना घर बरोबर सापडतं!

काळाकोट
2025 मध्ये टपाल खात्याने डिजीपिन आणलाय. दहा अक्षरी कोड, साधारण चार बाय चार मीटरच्या चौकोनाला एक. वस्तीवरच्या घराला खरंच उपयोगी पडेल.

नदीकाठ
मी एकटी राहते आणि मला हे नको आहे. आत्ताच खोक्यावर माझं नाव, पत्ता, मोबाइल नंबर छापून येतो. पार्सल देऊन गेल्यावर एकाने रात्री मेसेज केले होते. कंपनीला कळवलं तर ‘नंबर ब्लॉक करा’ असा सल्ला मिळाला. आता चार मीटरच्या चौकोनात मी कुठे आहे तेही त्याच खोक्यावर छापायचं?

माळरान
तुमची भीती खरी असेल. पण तुमच्या दारात माणूस येतो म्हणून तरी तुम्हाला ती भीती आहे. आमच्या दारात कुणी येतच नाही.

नदीकाठ
असं नाही बोलायचं. रात्री दोनदा कडी तपासणाऱ्या बाईला ‘तुझं नशीब चांगलं’ म्हणताय तुम्ही. लोकेशन मागा, पण नंबर झाकून फोन लागेल असं करा आणि डिलिव्हरी झाली की पत्ता त्या माणसाच्या मोबाइलवरून जाऊ दे. हे होत नाही तोवर मी माझा पत्ता अर्धवटच लिहिणार, आणि घाटमाथा यांनी खुशाल मला दोष द्यावा.

माळरान
नशिबाची भाषा मी केली नव्हती. नंबर झाकण्याचं पटलं. डिजीपिन सक्तीचा नको, मागेल त्याला द्यावा, एवढ्यावर थांबतो. पाटीचं मात्र ग्रामसभेत मांडणार.

घाटमाथा
नदीकाठ, नंबर झाकलेला असला तर पोरालाही बरं, स्वतःच्या फोनवर लोकांचे शिव्या देणारे कॉल येत नाहीत. हे मान्य. आणि सांजवात, ‘ग्राहकच दोषी’ असा सूर माझ्या लेखात लागला असेल तर तेवढा भाग सोडून देतो. पोरांवरचा राग मात्र चालू देणार नाही.

सांजवात
‘लागला असेल’ नाही, लागलाच होता. असो.

काळाकोट, तुमच्यामुळे एक कळलं, मी भरपाईच्या मागे लागायला नको. यंत्र शेवटी मिळालं. मला ती नोंद खोडून हवी आहे.

काळाकोट
मग ग्राहक आयोगाकडच्या तक्रारीत तेच मागा. मूळ मागणी ‘नोंद खोटी असल्याचं लेखी मान्य करावं’, आणि त्या वेळचं स्कॅनरचं लोकेशन व कॉल रेकॉर्ड हजर करण्याचा अर्ज सोबत. पार्सल कुणी बुक केलं होतं ते आधी तपासा. कुरिअरचे पैसे दुरुस्तीवाल्याने भरले असतील तर समोरचा वकील पहिला आक्षेप तोच घेईल, म्हणून दुरुस्तीच्या बिलासकट दोघांना पक्षकार करा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, आणि मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तो क्रमांक जोडा. आणि कॅमेऱ्याचं चित्रण आजच वेगळं काढून ठेवा, सोसायटीची यंत्रणा जुनं पुसत जाते.

घाटमाथा
त्या अर्जात कारणांची यादीही मागवा. ‘वेळ पुरला नाही’ त्यात का नाही, हे त्यांना एकदा कोर्टात सांगू दे.

सांजवात
मागवते. चित्रण काढून घेतलंय.