मदत हवी आहे: फ्रेम रिलेवर आयपी धावतं, आयपीएक्स मात्र मधल्या राउटरवर अडतं

मंडळी,

रत्नागिरीत आमच्या क्लासच्या लॅबमध्ये भंगारातून उचललेले तीन सिस्को २५०१ आणि एक २५२२ राउटर असा जुना संसार मांडलाय. २५२२ फ्रेम रिले (टेलिफोन कंपनीची जुन्या पद्धतीची डेटा लाइन) स्विच म्हणून बसवलाय, म्हणजे कंपनीचं काम तोच करतो. मध्ये 'रत्नागिरी' नावाचा राउटर, टोकांना 'देवगड' आणि 'मालवण'. देवगडच्या मागे नेटवेअर ३.१२चा (नॉव्हेलची जुनी सर्व्हर प्रणाली, आयपीएक्स हा तिचा प्रोटोकॉल) सर्व्हर, मालवणच्या मागे डॉसचा क्लायंट. (आता ही लाइन कोण देतं, असं विचारू नका. डिस्टन्स व्हेक्टर (शेजारच्या राउटरने सांगितलेल्या अंतरावरून वाट ठरवायची पद्धत) कुठे ठेचकाळतो ते पोरांना प्रत्यक्ष दाखवायचंय.)

रत्नागिरीच्या सिरियल झिरोवर डीएलसीआय (फ्रेम रिलेतल्या जोडणीचा नंबर) १०२ देवगडला, १०३ मालवणला. दोन्ही मॅप एकाच इंटरफेसवर, ब्रॉडकास्टसकट. आयपीएक्स नेटवर्क १० तिन्ही सिरियलवर.

केबलवर संशय घेऊ नका. इथल्या खाऱ्या हवेने डीबी-६०च्या पिनांवर हिरवं चढलं होतं, ते स्पिरिट लावून टूथब्रशने काढलंय. 'शो फ्रेम-रिले पीव्हीसी'त (पीव्हीसी म्हणजे दोन टोकांमधली कायमची जोडणी) सगळं अ‍ॅक्टिव्ह आहे.

मालवणहून रत्नागिरीला आयपीएक्स पिंग जातो. रत्नागिरीला देवगडचा सर्व्हरही दिसतो. मालवणला मात्र देवगडचं काहीच दिसत नाही. त्याच तारेवर आयपीचा रिप (राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायचा प्रोटोकॉल) बिनबोभाट चालतो. मग आयपीएक्सलाच काय धाड भरली?

उत्तर, खाडीकाठ:
मालवणच्या 'शो आयपीएक्स रूट'मध्ये देवगडचं लॅन आणि सर्व्हरचा इंटर्नल नेटवर्क नंबर, यातलं काही आहे का?

धागाकर्ता:
दोन्ही नाहीत.

उत्तर, जुना मोडेम:
स्प्लिट होरायझन, दुसरं काही नाही. देवगडची माहिती सिरियल झिरोवरून आली, ती त्याच सिरियल झिरोवरून मालवणला परत जाणार नाही. पीव्हीसी दोन असले तरी राउटरच्या लेखी दार एकच. फ्रेम रिलेच्या फिजिकल इंटरफेसवर आयपीसाठी सिस्को हा नियम मुळातच बंद ठेवतो, म्हणून तुमचा रिप चालला. आयपीएक्सच्या रिप आणि सॅपसाठी (सॅप म्हणजे सर्व्हरांची जाहिरात करणारा प्रोटोकॉल) तो बंद करताच येत नाही, कमांड शोधत बसू नका.

रत्नागिरीवर दोन पॉइंट-टू-पॉइंट सबइंटरफेस (एकाच दाराचे कागदोपत्री भाग, प्रत्येकाला एकच पीव्हीसी) करा. एकावर 'फ्रेम-रिले इंटरफेस-डीएलसीआय १०२' आणि नेटवर्क १०, दुसऱ्यावर १०३ आणि नेटवर्क २०. त्याआधी फिजिकल इंटरफेसवरचे मॅप आणि नेटवर्क नंबर काढा, नाहीतर १० दोन ठिकाणी होईल आणि राउटर कुरकुरेल. मालवणच्या सिरियललाही २० द्या. आयपीचे पत्तेही सबइंटरफेसवर न्यावे लागतील, प्रत्येकाला वेगळं सबनेट.

सबइंटरफेस घाईत मल्टिपॉइंट (अनेक पीव्हीसींचा) केला तर नुसता काढून त्याच नंबराने पॉइंट-टू-पॉइंट होत नाही, रीलोड लागतो. त्यापेक्षा वेगळा नंबर घ्या.

धागाकर्ता:
दादा, दोन्ही रूट आले! मालवणच्या 'शो आयपीएक्स सर्व्हर्स'मध्ये देवगड टाइप ४ (फाइल सर्व्हर) म्हणून दिसतो. क्लायंट मात्र अजून 'फाइल सर्व्हर सापडत नाही' म्हणून अडून बसलाय.

उत्तर, खाडीकाठ:
आता घोळ मालवणच्या लॅनवर. जवळचा सर्व्हर कोण, या क्लायंटच्या हाकेला तिथे राउटरच ओ देतो, पण दोघांची फ्रेम (इथरनेटवर पॅकेट गुंडाळायची पद्धत) एक हवी. सिस्को इथरनेटवर न सांगता नॉव्हेल-इथर, म्हणजे ८०२.३ धरतो. ३.१२पासून नेटवेअरचा ओढा ८०२.२कडे. क्लायंटच्या नेट डॉट सीएफजीत काय लिहिलंय ते बघा. ८०२.२ असेल तर मालवणच्या इथरनेटवर नेटवर्क नंबरापुढे 'एन्कॅप्सुलेशन सॅप' जोडा (हा सॅप म्हणजे ८०२.२ फ्रेमचं सिस्कोचं नाव, वरचा जाहिरातीचा सॅप नव्हे).

धागाकर्ता:
८०२.२च होतं. लॉगिन आलं! आता ६४ केबीपीएसवर सॅप किती जागा खातो ते पोरांना दाखवायचंय. आणखी सर्व्हर जोडू का?

उत्तर, जुना मोडेम:
जोडा की. एका पॅकेटात जास्तीत जास्त सातच सर्व्हर मावतात आणि दर ६० सेकंदांनी सगळी यादी पुन्हा जाते. एकूण आठ केलेत तर 'डीबग आयपीएक्स सॅप अ‍ॅक्टिव्हिटी'त दुसरं पॅकेट निघताना दिसेल. तोवर चारही राउटरवर 'राइट मेमरी' मारून ठेवा, पावसाळ्यात तुमच्याकडची लाइट काही सांगून जात नाही.