म्हातारी सुरतला पडली, म्हाताऱ्याला स्टेंट सांगितलाय: आरोग्य योजनेचं कार्ड कुठे चालेल?

सेवाकेंद्र_शिंदखेडा

नमस्कार मंडळी. केंद्रावर एक शेतमजूर कुटुंब आलंय, त्यांचं काम दोन्ही बाजूंनी अडकलंय. रेशनकार्ड केशरी, बारा अंकी नंबर ऑनलाइन दिसतो. म्हातारी सुरतला उधन्यात मुलाकडे आहे. काल मोरीत घसरली, एक्स-रेत खुब्याचं हाड मोडलेलं निघालं. वय घरचे ७२ सांगतात. म्हातारा ६६ चा, गावीच असतो. धुळ्याला खाजगीत रोख पैसे भरून अँजिओग्राफी केली, एका नळीत ब्लॉक आहे, स्टेंट सांगितलाय. तो दवाखाना योजनेत नाही.

म्हातारीचं कार्ड सुरतला चालेल का? अँजिओग्राफीचे पैसे परत मिळतात का? आणि दोघांचं मिळून ५ लाखांत बसेल का? आयुष्मान कार्डं दोघांची निघालेली आहेत, दोन्हींवर महात्मा फुले आणि आयुष्मान भारत अशी दोन्ही नावं छापलेली आहेत.

तापीकाठ

सगळा घोळ त्या दोन नावांनीच होतो. कार्ड एकत्रित असलं तरी प्रत्येक कुटुंब दोन्ही योजनांत असतंच असं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्याची आहे. १ जुलै २०२४ पासून ती पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्यांना लागू झाली, मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख. पण सुरतच्या दवाखान्यात तिचा उपयोग नाही. गुजरातमध्ये चालतं ते केंद्र सरकारचं आयुष्मान. त्यासाठी कुटुंबाचं नाव केंद्राच्या यादीत हवं, म्हणजे मुख्यतः २०११ च्या सामाजिक-आर्थिक जात जनगणनेतून निवडलेल्या कुटुंबांत. नुसतं केशरी कार्ड आहे म्हणून सुरतच्या दवाखान्यात भरती केलं, तर बहुतेक वेळा काउंटरवरच नकार मिळतो.

म्हणून आधी १४५५५ वर, म्हणजे आयुष्मानच्या हेल्पलाइनवर फोन लावा, कार्डावरचा नंबर सांगा आणि सरळ विचारा की हे कुटुंब आयुष्मान भारतचं लाभार्थी आहे का, गुजरातमध्ये चालेल का. सुरतच्या दवाखान्यात योजनेचं काम बघणारा आयुष्मान मित्रही त्याच्या संगणकावर पाहून सांगू शकतो.

दुसरा रस्ता वयाचा. ७० पूर्ण झालेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड मिळतं. त्याला ना रेशनकार्ड लागतं ना उत्पन्नाचा दाखला, आधार आणि ई-केवायसी झालं की पुरे. ते केंद्राचं असल्यामुळे सुरतलाही चालतं. जुना आजार असला तरी पहिल्या दिवसापासून लागू, थांबावं लागत नाही. फक्त वय आधारवरचं धरतात, घरच्यांनी सांगितलेलं नाही. आधारवर जन्मसाल काय आहे ते आधी बघा.

नाना_अमळनेर

म्हाताऱ्याचं सांगतो. अँजिओग्राफीचे पैसे गेले ते गेले. योजना पूर्ण कॅशलेस आहे, आधी बिल भरून नंतर परतावा असं तिच्यात नाहीच. धुळे तर २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी, म्हणजे महात्मा फुलेचंच जुनं नाव, सुरू झाली तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांतलं, तरी अजून लोक पावत्यांची पिशवी घेऊन हीच चौकशी करत फिरतात.

पैसे गेले, पण रिपोर्ट कामाचा आहे. त्या दवाखान्यातून अँजिओग्राफीची सीडी, लेखी रिपोर्ट, ईसीजी, टूडी इको आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या. सीडी हवीच. नुसत्या कागदावर मंजुरीला पाठवलं की क्वेरी, म्हणजे उलट विचारणा येते, क्वेरीला उत्तर जाईपर्यंत पेशंट कॉटवर पडून राहतो.

मग योजनेतला दवाखाना निवडताना एक चूक टाळा. ‘दवाखाना योजनेत आहे’ एवढं ऐकून जाऊ नका. दवाखाना हाडांसाठी योजनेत असतो आणि हृदयासाठी नसतो, असं पुष्कळदा होतं. १५५३८८ या महात्मा फुलेच्या हेल्पलाइनवर विचारा: धुळे आणि जळगाव जिल्ह्यात हृदयरोग विभागासह कोण कोण आहे.

तिथे गेल्यावर डॉक्टरच्या आधी आरोग्यमित्राचा, म्हणजे दवाखान्यात बसणाऱ्या योजनेच्या माणसाचा टेबल गाठायचा. रेशनकार्ड, आधार आणि सीडी त्याला दाखवायची. भरती होतानाच ‘योजनेतून’ अशी नोंद झाली पाहिजे. रोखीत भरती होऊन चौथ्या दिवशी ‘आता योजनेत टाका’ म्हटलं की भांडणं सुरू होतात, आणि भरलेले पैसे अडकतात ते वेगळंच. नोंद झाल्यावर दवाखान्याचा मेडको, म्हणजे योजनेचं काम बघणारा डॉक्टर, ऑनलाइन मंजुरी मागतो. कागद पुरे असतील तर उत्तराला फार वेळ लागत नाही. जिवाला धोका असेल तर फोनवरून तातडीची मंजुरी घेऊन उपचार सुरू करता येतात, कागद मागून जोडायचे.

पॅकेजमध्ये जनरल वॉर्डची खाट, डॉक्टर, भूल, औषधं, तपासण्या, स्टेंट, जेवण आणि घरी जायचं एस.टी. भाडं हे बठ्ठं येतं. ‘चांगल्या कंपनीचा स्टेंट टाकू, वरचा फरक तुम्ही द्या’ असं कोणी म्हणालं तर तो आकडा लेखी मागा. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो.

५ लाखांची काळजी नको. एक स्टेंट आणि एक खुबा मिळूनही मर्यादेच्या जवळपास जात नाही.

सेवाकेंद्र_शिंदखेडा

१४५५५ वर विचारलं, केंद्राच्या यादीत कुटुंब नाही. आणि आधारवर म्हातारीचं साल १९५८ निघालं, तारीख १ जानेवारी. मुलगा म्हणतो आधार दुरुस्त करून वय वंदना काढू.

तापीकाठ

१ जानेवारी म्हणजे आधार काढताना अंदाजाने घातलेली तारीख, आपल्याकडे निम्म्या म्हाताऱ्यांची तीच असते. दुरुस्ती होते, पण जन्मतारखेचा पुरावा लागतो आणि ती तारीख साधारण एकदाच बदलून मिळते. शाळेचा दाखला सापडला तर पुढेमागे जरूर करा. या फ्रॅक्चरसाठी त्याच्या मागे लागू नका. खुब्याचं ऑपरेशन शक्यतो ४८ तासांत व्हावं असं हाडांचे डॉक्टर सांगतात. आठ-दहा दिवस पडून राहिलं की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो, आणि या वयात माणसं खुब्यापेक्षा त्यानेच जास्त जातात.

म्हणून तिला महाराष्ट्रात आणा. रेल्वेच्या बाकावर बसवून आणू नका, ॲम्ब्युलन्सने झोपवूनच. निघण्याआधी सुरतच्या डॉक्टरकडून पाय आधार देऊन बांधून घ्या, बीपी-शुगरच्या गोळ्यांची नावं लिहून घ्या, एक्स-रेची फिल्म सोबत ठेवा. नंदुरबार वाटेत आहे, धुळं तिथून पुढे. निघायच्या आधी फोनवर तीन गोष्टी पक्क्या करा: हाडांचा विभाग योजनेत आहे, खाट रिकामी आहे, भूलतज्ज्ञ हजर आहे. तिसरी विसरली जाते आणि ऑपरेशन त्याच्यावरच अडतं. ॲम्ब्युलन्सचा खर्च घरच्यांच्याच अंगावर पडणार, तो योजनेत बसणार नाही.

धडगावकर

सातपुड्यातल्या माणसांसाठी थोडं जोडतो, कारण ऊसतोडीला बारडोलीकडे जाणाऱ्यांचं हेच होतं. आमच्याकडे उलट केंद्राच्या यादीत नावं भरपूर आहेत, पण कार्डच काढलेलं नसतं. कारण बहुतेक वेळा नाव. रेशनवर एक, आधारवर दुसरं, आडनाव कुठे पावरा तर कुठे नुसतं बापाचं नाव. एवढ्या फरकाने ई-केवायसी अडकते. अंगठ्याच्या रेषा कामाने झिजलेल्या असतात, तिथे चेहरा किंवा डोळ्यांवरून ओळख पटवायचा पर्याय ॲपमध्ये आहे, तो वापरा. हे सगळं दिवाळीआधी, टोळी निघायच्या आत झालं पाहिजे. मुकादमाची गाडी आल्यावर कोण थांबतं?

सुनांची नावं माहेरच्या रेशनवरून कमी झालेली नसतात, म्हणून सासरच्या कार्डात चढत नाहीत. बाळंतपणात गुंतागुंत झाली की ते उघडं पडतं. बाळाचं नाव कार्डात नसेल तर जन्माचा दाखला आणि आईबापाचं रेशनकार्ड यावर काम होतं, आरोग्यमित्राला हे आपणहून सांगावं लागतं.

आणि योजना भरती झालेल्यासाठी आहे हे लक्षात असू द्या. ओपीडी, महिन्याच्या गोळ्या, बुडालेली मजुरी, सोबतच्याचा खर्च यातलं फारसं काही तिच्यात नाही. गरिबाचं कर्ज बऱ्याचदा ऑपरेशनपेक्षा याच गोष्टींनी होतं, हे माझं मत.

नाना_अमळनेर

धडगावकर बरोबर बोलले. म्हाताऱ्याला स्टेंटनंतर रक्त पातळ करायच्या गोळ्या महिनोन्‌महिने लागतील. घरी सोडल्यानंतर १० दिवसांची औषधं पॅकेजात मिळतात, पुढची मिळतीलच असं नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. चिठ्ठी तिथे दाखवून गोळ्या शिल्लक आहेत का बघा, नसतील तर जनऔषधी दुकान. पैसे नाहीत म्हणून गोळी बंद केली तर स्टेंट बंद पडू शकतो, हे घरच्यांना नीट समजावून सांगा.

सेवाकेंद्र_शिंदखेडा

म्हातारी भरती झाली, मंजुरीही आली. आता वॉर्डातला एक जण म्हणतो खुब्यात बसवायचा कृत्रिम अर्धा सांधा बाहेरून आणा, २० हजार लागतील.

नाना_अमळनेर

आणू नका, भो. सांधा पॅकेजमध्येच आहे. दवाखान्याला क्लेम पाठवताना सांध्याच्या डब्यावरचं स्टिकर आणि ऑपरेशननंतरचा एक्स-रे जोडावा लागतो, म्हणजे तो सांधा दवाखान्याच्याच हिशोबात येतो. तुम्ही आणलात तर पैसे दोनदा निघतात. आधी आरोग्यमित्राला सांगा, त्याच्यासमोर त्या माणसाला विचारा. नाही ऐकलं तर वॉर्डातूनच १५५३८८ लावा, तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि योजनेच्या जिल्हा समन्वयकाला तोच क्रमांक कळवा. पैसे दिलेच असतील तर पावती मागा. पावती देत नसतील तर कोणी, कधी, किती मागितले ते तक्रारीतच लिहा. पण हे डिस्चार्जच्या आधी करा. घरी जाताना योजनेच्या कागदावर सही किंवा अंगठा घेतात. त्यात ‘पैसे घेतले नाहीत’ असं लिहिलेलं असलं तर वाचल्याशिवाय अंगठा उठवू देऊ नका.