जुन्या डीडीआर२ रॅमला सोन्याचा भाव कशासाठी?

प्रश्न: जुन्या डेस्कटॉपसाठी २ जीबीची डीडीआर२ रॅम (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीची जुन्या पिढीतली पट्टी) शोधताना एका ऑनलाइन विक्रेत्याने तिची किंमत ₹१८,९९९ लावलेली दिसली. एवढी रक्कम कोण मोजत असेल?

उत्तर १: बहुधा कोणीच नाही. माल संपल्यावर नोंद काढून टाकण्याऐवजी काही विक्रेते कोणी मागवू नये म्हणून मुद्दाम अवाच्या सवा किंमत लावून ठेवतात.

उत्तर २: हा संगणकाचाही प्रताप असू शकतो. २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनवर माश्यांच्या जीवशास्त्रावरील एका जुन्या पुस्तकाची किंमत एक विक्रेता प्रतिस्पर्ध्याच्या ०.९९८ पट, तर दुसरा १.२७ पट आपोआप ठरवत राहिल्याने ती २ कोटी ३० लाख डॉलरच्या पुढे गेली होती.

उत्तर ३: मुंबईत असाल तर लॅमिंग्टन रोडवर जुनी रॅम विचारून पाहा, मात्र डीडीआर३ या पुढच्या पिढीच्या रॅमलाही डीडीआर२ प्रमाणे २४०च पिना असल्या तरी तिची खाच वेगळ्या जागी असल्याने ती तुमच्या संगणकात बसणार नाही, तेवढे तपासून घ्या.